खड्डा जागेने भरा, उंचवटा सॉफ्टवेअरने कापा

प्रश्न थोडक्यात असा. खोली ४.८ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, २.९ मीटर उंच. स्टँडवर ठेवलेले टू-वे स्पीकर (खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर), साडेसहा इंची वूफर, पोर्ट म्हणजे पेटीचे हवेचे भोक पुढच्या बाजूला. वूफर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. मोजमापाच्या आलेखात ३६ आणि ७२ हर्ट्झला उंचवटे, म्हणजे ते स्वर जास्त मोठे, आणि १४५ हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा, म्हणजे तो स्वर फार दबलेला. खोलीचा आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या दुरुस्तीनंतर आलेख सरळ दिसतो, पण आवाज कोंदट वाटतो आणि जोरात लावल्यावर वूफर फडफडतो. आता स्पीकर हलवत बसायचे की दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे?

स्पीकर हलवा. सॉफ्टवेअर आहे तेच राहू द्या, फक्त त्याच्याकडून त्याचे नसलेले काम काढून घ्या.

आधी तो १४५ हर्ट्झचा खड्डा कुठून आला ते पाहू. खालच्या पट्ट्यात स्पीकर चारही दिशांना सारखाच वाजतो. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि ६० सेंटिमीटर जाऊन तितकेच परत येताना त्याला साधारण १.२ मीटर जास्त चालावे लागते. हे जास्तीचे अंतर ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीइतके भरते तिथे सरळ आलेला आवाज आणि परतून आलेला आवाज एकमेकांना खातात. हिशेब सोपा आहे: ३४३ (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) भागिले भिंतीपासूनच्या अंतराची चौपट. ३४३ भागिले २.४ म्हणजे १४३ हर्ट्झ. श्रोता थोडा तिरका बसतो म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वर सरकतो. अंतर मोजायचे ते वूफरच्या शंकूपासून, पेटीच्या पाठीपासून नाही. ही चूक फार होते आणि मग हिशेब जुळत नाही.

सॉफ्टवेअर हा खड्डा भरू शकत नाही असे सगळीकडे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खड्डा पूर्ण शून्यापर्यंत गेलेला नसेल तर तिथे ६ डेसिबल वाढवल्यावर माइकच्या जागी ६ डेसिबल वाढतातच, म्हणून तर तुमचा आलेख सरळ दिसतो. मात्र त्यासाठी ॲम्प्लिफायरला चौपट ताकद द्यावी लागते, १० डेसिबलसाठी दहापट. शिवाय खड्डा नसलेल्या खोलीच्या बाकी सगळ्या भागात तो स्वर तितकाच फुगतो. डोके अर्धा मीटर सरकले की खड्डा सरकतो आणि भराव मात्र जागच्या जागी उरतो. कानाला पहिल्यांदा सरळ आलेला, आता फुगवलेला आवाज मिळतो, त्याला खाणारा परतीचा आवाज काही मिलिसेकंदांनी येतो. जो कोंदटपणा ऐकू येतो तो बहुतेक हाच.

वूफर फडफडण्याचे कारण वेगळे आहे. पोर्टच्या पेटीचा आवाज ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या) खाली ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारता निम्मी होईपर्यंत, २४ डेसिबल या वेगाने कोसळतो, आणि तिथे शंकूला आतल्या हवेचा आधार उरत नाही. सॉफ्टवेअरला २० हर्ट्झपर्यंत सरळ रेषा मागितली की ते तिथे वाढ घालते. शंकू भरपूर हलतो, आवाज जवळजवळ निघत नाही. दुरुस्तीची खालची मर्यादा स्पीकर जिथे आपणहून उतरू लागतो तिथेच बांधा. साडेसहा इंची वूफरसाठी ती बहुधा ४० ते ५० हर्ट्झच्या आसपास असते. मर्यादेच्या खाली फक्त कापायची परवानगी, वाढवायची नाही.

उंचवट्यांची गोष्ट उलटी आहे. ३६ आणि ७२ हे खोलीच्या लांबीचे स्वर आहेत, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये घुमणारे: ३४३ भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे ३५.७, आणि त्याच्या दुपटीला ७१.५. रुंदीचे ४७.६ पासून सुरू होतात, उंचीचे ५९ पासून. भिंतीला टेकून बसलात तर लांबीचे सगळे स्वर तिथे कमाल जोरात असतात, आणि सोफा नेमका तिथेच आहे. असा उंचवटा सॉफ्टवेअरने कापता येतो, त्यात ताकद वाचते आणि फिल्टर नीट बसला तर घुमणेही कमी होते. म्हणून जागा ठरवताना हिशेब एवढाच: उंचवटे आले तरी चालतील, खड्डे नकोत.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो बऱ्याच शौकिनांना रुचत नाही. स्पीकर भिंतीपासून जितके पुढे तितके चांगले, हा सल्ला सॉफ्टवेअर नसतानाच्या काळाचा आहे. ६० सेंटिमीटरचे १ मीटर केले तर खड्डा जात नाही, १४३ वरून ८६ हर्ट्झला उतरतो, आणि तिथे तो जास्त बोचतो, कारण बास गिटार आणि ड्रमचा जीव त्याच भागात असतो. खड्डा ४० हर्ट्झच्या खाली ढकलायला दोन मीटरहून जास्त अंतर लागते, तेवढे या खोलीत नाही. उलट स्पीकर मागे सरकवून वूफर भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आणला तर खड्डा २१५–२२५ हर्ट्झला जातो. तिथे १० सेंटिमीटर जाडीची रॉकवुलची पाटी चांगले काम करते, १४५ ला ती तितकी करत नाही. भिंतीजवळ गेल्याने खालचा बास फुगेल, पण तो रुंद आणि सौम्य उंचवटा असतो आणि दोन फिल्टरमध्ये खाली येतो. पेटी २७ सेंटिमीटर खोल धरली तर १० सेंटिमीटरची पाटी आणि ३ सेंटिमीटरची फट यात हे बसते. पोर्ट मागे असता तर एवढे जवळ जाता आले नसते. मंचाची खोली (वाद्ये मागे-पुढे बसल्याचा भास) थोडी कमी झाल्यासारखी वाटू शकते, आणि ज्यांना तीच सगळ्यात प्रिय आहे त्यांना हा सौदा पटणार नाही.

आता बसण्याची जागा. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे लांबीचा पहिला आणि तिसरा स्वर गायब होतो. एक चतुर्थांशावर दुसरा गायब होतो. स्पीकरमागच्या भिंतीपासून साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे इथे ३ मीटरवर, तिन्ही स्वर थोडेथोडे मिळतात आणि एकही पूर्ण हरवत नाही. ही सुरुवातीची जागा, शेवटची नव्हे. सोफा भिंतीपासून हलवणे शक्यच नसेल तर डोक्यामागे निदान १० सेंटिमीटर जाडीचे शोषक लावा आणि उंचवटे सॉफ्टवेअरवर सोपवा. ते जमते. मात्र उंच पाठीचा सोफा असेल तर पाठ कानाच्या खाली राहील असे पाहा, कारण तिच्यावरून आलेला आवाज कोणताही फिल्टर सुधारत नाही.

बाजूच्या भिंतींशी खरी ओढाताण होते. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा असे पुस्तकी मत आहे, म्हणजे ६० अंशांचा कोन. या खोलीत स्पीकर २.२ मीटर अंतरावर ठेवले तर कोन ४६ अंश होतो, पण बाजूची भिंत ७० सेंटिमीटरवर येते आणि तिच्या परावर्तनाचा खड्डा २१९ हर्ट्झच्या आसपास पडतो. मागच्या भिंतीचा २२५ च्या आसपास आहेच. दोन खड्डे एकमेकांवर बसले की मोठी खाई होते. स्पीकर २ मीटरवर आणले तर कोन ४२ अंशांवर येतो, मंच थोडा अरुंद होतो, पण बाजूचा खड्डा १९२ ला सरकतो, मागचा २२६ ला राहतो आणि जमिनीचा (वूफर ८५ सेंटिमीटर उंचीवर, कान १ मीटरवर धरून) ३१० च्या आसपास. तिन्ही वेगळे, तिन्ही उथळ. २ मीटरच घ्यावेत. वूफरपासून जमीन, बाजूची भिंत आणि मागची भिंत ही तीन अंतरे एकसारखी असणे ही सगळ्यात वाईट मांडणी, आणि नेमकी तीच डोळ्याला सुबक दिसते.

डावे-उजवे सारखेपण बारकाईने पाळा. डोक्यापासून दोन्ही ट्वीटरची अंतरे एका सेंटिमीटरच्या आत जुळवा, १ सेंटिमीटर म्हणजे २९ मायक्रोसेकंद. बाजूच्या भिंतींपासूनची अंतरेही जुळायला हवीत. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असेल तर मोजताना दार रोज ऐकताना असते तसेच ठेवा. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या, डोक्याच्या जागेवरून ज्या ठिकाणी ट्वीटर दिसेल तिथे शोषक लावा.

ठिकाण कागदावर ठरले, आता मोजा. रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, आणि कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक (उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा यूमिक-१) पुरेसा आहे. माइक छताकडे रोखला तर ९० अंशांची फाइल, स्पीकरकडे रोखला तर ० अंशांची. फाइल चुकली तर वरच्या पट्ट्यात काही डेसिबलची चूक शिरते आणि ती दुरुस्त करण्याच्या नादात आवाज बिघडतो. स्वीपने, म्हणजे खालून वर सरकत जाणाऱ्या सुराने, मोजताना माइक स्टँडवर असावा, हातात नाही. पंखा, एसी बंद करा. ॲम्प्लिफायरमधली किंवा संगणकातली आधीची प्रत्येक दुरुस्ती, टोन कंट्रोल आणि लाउडनेस बंद करा. एकावर एक दोन दुरुस्त्या चालू राहणे हे विचित्र आलेखांचे सर्वात सामान्य कारण आहे. स्वीप २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, लांबी ५१२के, पातळी बसण्याच्या जागी ७५ ते ८० डेसिबल.

डावा वेगळा मोजा, उजवा वेगळा, मग दोन्ही एकत्र. टायमिंगसाठी ॲकॉस्टिक रेफरन्स (एका स्पीकरमधून वाजणारा खुणेचा आवाज) चालू ठेवा. दोन्ही एकत्र वाजताना खालच्या पट्ट्यात एकट्यापेक्षा जवळपास ६ डेसिबल जास्त मिळायला हवेत. कमी होत असतील तर आधी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत का ते पाहा. तासभर फिल्टर घडवल्यावर हे कळणे फार जिवावर येते.

यानंतर स्पीकर ५ सेंटिमीटरच्या टप्प्याने पुढे-मागे करा आणि प्रत्येक टप्प्याला स्वीप घ्या, मग खुर्ची १० सेंटिमीटरच्या टप्प्याने. एका वेळी एकच गोष्ट हलवा आणि मोजमापाच्या नावातच अंतर लिहा, नाहीतर विसाव्या आलेखानंतर कोणता कुठला ते कळत नाही. ३०० हर्ट्झच्या खाली स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणे) लावू नका किंवा १/४८ ऑक्टेव्ह लावा. उंचवट्यांकडे दुर्लक्ष करा. पाहायचे ते एवढेच: सर्वात खोल खड्डा किती खोल, आणि डावा-उजवा आलेख एकमेकांवर किती बसतात. कंटाळवाणे काम आहे, दोन-तीन तास जातात, पण पुढच्या प्रत्येक फिल्टरचे यश इथेच ठरते. जागा पक्की झाली की जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा.

फिल्टर घडवताना एका बिंदूवर भरवसा ठेवू नका. डोक्याभोवती साधारण अर्ध्या मीटरच्या चौकोनात, उंचीही थोडी बदलत, ५ ते ९ ठिकाणी मोजा आणि पातळीची सरासरी घ्या. दुसरी पद्धत म्हणजे पिंक नॉइज (सगळे स्वर एकदम असलेला खळखळाट) वाजवून माइक सावकाश मिनिटभर त्या भागात फिरवायचा आणि आरटीएवर, म्हणजे पातळी त्या क्षणी दाखवणाऱ्या आलेखावर, सरासरी साठवायची. ही पद्धत मधल्या-वरच्या पट्ट्यासाठी उत्तम, पण तिच्यात वेळेची माहिती नसते, म्हणून घुमणे तपासायला स्वीपच लागतो.

किती वरपर्यंत दुरुस्ती करायची? खोलीची सत्ता जिथे संपते तिथपर्यंत. त्याचा अंदाज २००० गुणिले (घुमण्याचा काळ भागिले घनफळ) याच्या वर्गमूळाने येतो; घुमण्याचा काळ म्हणजे आवाज थांबल्यावर ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ. ५० घनमीटर आणि ०.४ सेकंद धरले तर १८० हर्ट्झच्या आसपास. व्यवहारात ३०० ते ४०० पर्यंत बारीक फिल्टर चालतात. त्याच्या वर माइक जे मोजतो आणि कान जे ऐकतो यात अंतर पडते: कान सरळ आलेला आवाज वेगळा ओळखतो, माइक सगळ्यांची बेरीज करतो. वरच्या पट्ट्यात लावायचेच असतील तर रुंद, एक-दोन डेसिबलचे, क्यू (फिल्टर किती अरुंद त्याचा आकडा) १ च्या आसपासचे फिल्टर लावा, आणि तेही दोन्ही स्पीकरना एकसारखे. आपोआप चालणाऱ्या प्रणालींतही बहुधा वरची मर्यादा ओढता येते: डिराक लाइव्हमध्ये आलेखावरचे पडदे सरकवून, ऑडिसीच्या ॲपमध्ये फिल्टरची मर्यादा ठरवून. पहिल्या प्रयत्नात ती ३०० ला ठेवा, ऐका, मग वर न्या.

आरईडब्ल्यूच्या ईक्यू (इक्वलायझर) खिडकीत मॅचिंगचा पट्टा ४५ ते ३०० हर्ट्झ, एकेका फिल्टरची कमाल वाढ ० किंवा फार तर ३ डेसिबल, एकूण वाढ तितकीच. लक्ष्यरेषा, म्हणजे आलेख जसा हवा ती रेषा, थोडी खाली ओढा म्हणजे काम कापण्यानेच होईल. सपाट लक्ष्यरेषा मागू नका. चांगला स्पीकर खोलीत मोजला की वर जाताना रेषा आपोआप उतरते, कारण तो वरचे स्वर अरुंद कोनात फेकतो आणि खोलीतले कापड तेच आधी शोषते. २०० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत एकूण ५–६ डेसिबलचा उतार नैसर्गिक वाटतो, आणि खालचा बास ३–५ डेसिबल वर राहिला तरी वावगे नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांचे श्रोत्यांवरचे काम याच दिशेचे आहे.

ज्या स्वराचा उंचवटा लांब घुमतो तिथे फिल्टर हाताने बसवा. घुमण्याचा काळ माहीत असेल तर उंचवट्याची रुंदी २.२ भागिले तो काळ. ७१.५ हर्ट्झचा स्वर अर्धा सेकंद घुमत असेल तर रुंदी ४.४ हर्ट्झ, म्हणजे क्यू १६. ३६ हर्ट्झचा ०.६ सेकंद घुमत असेल तर क्यू १० च्या जवळ. वारंवारता, क्यू आणि किती कापले ही तिन्ही जुळली तर वॉटरफॉलमधली (स्वर वेळेनुसार कसा विरतो ते दाखवणाऱ्या आलेखातली) ती लांब शेपटी खरोखर आखूड होते. वारंवारता दोन हर्ट्झने चुकली तरी पातळी खाली येते, शेपटी मात्र तशीच राहते. म्हणून दुरुस्तीनंतरचा वॉटरफॉल पुन्हा काढून पाहिल्याशिवाय काम झाले म्हणू नका.

विंडोजवर हे फिल्टर मजकूर फाइल म्हणून बाहेर काढून इक्वलायझर एपीओ या फिल्टर लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येतात, लिनक्स किंवा रास्पबेरी पायवर त्यासाठी कॅमिलाडीएसपी. एएसआयओ आणि वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड हे आवाज थेट बाहेर पाठवणारे मार्ग एपीओला वळसा घालून जातात. तपासणीचा स्वीप त्या मार्गाने वाजवला तर फिल्टर लागलेच नाहीत असे दिसेल, आणि प्लेअर त्या मार्गाने वाजवत असेल तर खरोखरच लागणार नाहीत. एकूण कमाल वाढ ३ डेसिबल असेल तर प्रीअँप (फिल्टरसोबतची एकूण पातळी) निदान उणे ३, नाहीतर जोरदार जागी डिजिटल क्लिपिंग होईल, म्हणजे लाटेची टोके छाटली जातील.

एफआयआर फिल्टरचा (हजारो आकड्यांनी, म्हणजे टॅपनी, बनलेल्या फिल्टरचा) मोह साधारण सगळ्यांना होतो. ६५,५३६ टॅपचा लिनियर-फेज (सगळ्या स्वरांना सारखाच उशीर करणारा) फिल्टर ४८ किलोहर्ट्झला ०.६८ सेकंद उशीर करतो, म्हणजे चित्रपटात ओठ आणि आवाज जुळणार नाहीत, आणि बासमध्ये ठोक्याच्या आधी येणारी कुजबुज ऐकू येऊ शकते. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटसाठी बनवलेला फिल्टर ४८ ला तसाच वाजवला तर प्रत्येक वारंवारता जवळपास ९ टक्क्यांनी वर सरकते, सगळी मेहनत भलत्याच स्वरांवर. खोलीच्या उंचवट्यांसाठी वारंवारता, क्यू आणि पातळी ठरवता येणारे साधे पॅरामेट्रिक फिल्टर पुरेसे आहेत.

सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा वेगळा स्पीकर) पुढे जोडायचा विचार असेल तर खड्ड्यांवरचा तो सर्वात चांगला उपाय आहे, कारण तो स्पीकरपासून वेगळ्या जागी ठेवता येतो. दोन घेतलेत तर एक स्पीकरमागच्या आणि दुसरा सोफ्यामागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा: लांबीचा ३६ चा स्वर दोघे उलट दिशेने ढकलतात आणि तो उठतच नाही, रुंदीचा ४८ चा स्वर मध्यावर मुळात चेततच नाही. आधी जागा, मग विलंब, मग पातळी, आणि ईक्यू सर्वात शेवटी, दोन्ही सब मिळून एकच.

ऐकून तुलना करताना दुरुस्ती बंद केल्यावर आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. म्हणून दुरुस्ती नसलेला दुसरा प्रीसेट बनवा, त्यात फक्त प्रीअँप ठेवा आणि मधल्या पट्ट्यातल्या पिंक नॉइजवर दोघांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. पहिले दोन दिवस दुरुस्त बास कमी वाटेल, कारण घुमण्याची सवय झालेली असते. तेवढ्यात लक्ष्यरेषा बदलू नका. आठवड्यानंतरही कमी वाटला तर १०० हर्ट्झच्या खालचे सगळे २ डेसिबल उचलणारा लो-शेल्फ फिल्टर द्या. सोफा, कपाट किंवा जाड पडदा हलला तर नवे मोजमाप लागेल. नुसत्या गाद्या-उश्या बदलल्या तर नाही.